वाळूतली लस

मंगळवार, १९ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आईने आज माझा लॅबमधला अॅप्रन झटकला, ते डोळ्यांसमोरून जातच नाही.

चूक माझीच. आमच्या लसीचे उंदरांवरचे निकाल चांगले आले, त्या आनंदात घरी येऊन अप्पांना सगळं सांगत बसले. सुई नको, लस तोंडावाटेच द्यायची. पोटातल्या आम्लात ती टिकावी म्हणून सिलिकाच्या बारीक सच्छिद्र कणांत भरायची.

"सिलिका म्हंजे आमच्या साच्याची वाळूच की," अप्पा म्हणाले.

लोखंड ओतायच्या फाउंड्रीतल्या त्या वाळूच्या धुळीनेच त्यांची फुप्फुसं गेली. चार शब्द बोलले की थांबावं लागतं.

मी समजावलं. ही सिलिका वेगळी, शरीरात विरघळते. हे खरं आहे, रोज तपासते मी. मग माझा आवाज का चढला?

अप्पांनी दम घेतला. "आमास्नी बी सायेब हेच म्हणायचा. काय हुत न्हाय म्हणून."

आई खुर्चीवरचा माझा अॅप्रन उचलून अंगणात गेली. आज मी सिलिकाच्या पावडरीला हातही लावला नव्हता. तरी ती झटकत राहिली, पूर्वी अप्पांचा शर्ट झटकायची तशीच, नाकाला पदर लावून.