श्री नसलेले पत्र

उमरखेड,
ता. ९ जानेवारी १९६२

चि. सौ. कुंदास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कार्ड पावले. त्याविषयी माझी गंभीर तक्रार आहे. पत्त्याची जागा सोडून उरलेल्या प्रत्येक बोटभर जागेत तू उपदेश भरला आहेस. समासातला मजकूर वाचण्यासाठी आधी कार्ड फिरवले, मग मान फिरवली, शेवटी मीच अण्णांच्या खाटेभोवती फिरलो. त्यांना वाटले, मी प्रदक्षिणा घालतो आहे. इतक्या उशिरा सुचलेल्या पितृभक्तीबद्दल त्यांनी मला उदारपणे क्षमा केली. कार्डाचा सारांश तर पोस्टमन लखीरामने मला चौकातच सांगितला होता. एरंडेलाविषयी त्याचा तुझ्याशी मतभेद आहे.

आमचे ठीक. नागपूरच्या डॉक्टरांनी अण्णांना घरी पाठवताना सांगितले की पोटातल्या गाठीवर आता उपाय नाही, फक्त दुखू देऊ नका. ‘फक्त’ हा शब्द त्यांचा. त्यासाठी थेंबांची बाटली दिली आहे. थेंब कमी पडले तर अण्णा कण्हतात. जास्त पडले तर उठायचे नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले आहे. ही विद्या मी आणि रजनीने वाटून घेतली आहे. जो जागा असेल त्याने द्यावे, असा आमचा नियम.

समाचाराला येणाऱ्यांचे मात्र उत्तम चालले आहे. ते अण्णांना कसे वाटते विचारतात, अण्णा बरे म्हणतात, आणि मग सगळे स्वयंपाकघराकडे बघत बसतात. रजनीची चूल विझत नाही. काल पंजाबराव वकिलांनी दुसरा कप रिकामा करून तिला सांगितले की सेवेसारखे पुण्य नाही. तिने कप उचलला. अण्णांचा जुना सोबती फुलसिंग तेवढा निराळा. बाजाराला तांड्यावरून आला, अण्णांकडे पाहिले, आम्हा दोघांकडे पाहिले, आणि म्हणाला की मास्तर, यातला बिमार कोन आहे ते तरी मले सांगा. अण्णा हसले. आम्हाला जमले नाही.

आज अण्णांनी दोनदा चहा मागितला आणि साखर कमी म्हणून रागावले. यावरून प्रकृतीचा अंदाज कर.

कमलाकररावांस नमस्कार, सासूबाईंस साष्टांग. लोभ सैल सोड, उपदेश आखडता घे.

तुझा,
यज्ञेश्वर

॥ श्री ॥

घाटंजी,
ता. १२ जानेवारी १९६२

ती. दादास कुंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

वरती श्री आहे तो आधी बघून घे. तो असा काढतात.

तुझ्या पत्रावर तो नव्हता. पत्र सासूबाईंच्या हातात पडलं. त्यांची अक्षरओळख श्री आणि राम एवढ्यावर संपते, पण पहिल्या अक्षरात त्या कधी चुकत नाहीत. श्री नाही म्हणजे माणूस गेलं, आणि असलं पत्र उंबऱ्याच्या आत यायचं नाही. त्यांनी ते अंगणातच फाडलं आणि मला सांगितलं की कुंदे, आधी डोक्यावरून पाणी घे, मग रड. मी दोन्ही बरोबरच केलं. थंडी कसली पडली आहे ते तुला सांगायला नको. हे कचेरीतून आले, त्यांनाही दारातच आंघोळ घातली. शेजारच्या नंदाबाईंनी रीतीप्रमाणे पिठलं-भात आणून ठेवला. उमरखेडला निघायचं म्हणून मी वळकटी बांधली.

यांना मात्र चैन पडेना. कारकुनाला अर्धवट कागद बघवत नाही. ओल्या डोक्यानं अंगणात बसून तुकडे जुळवले, आणि एका तुकड्यावर निघालं की अण्णा साखर कमी म्हणून रागावले. मेलेला माणूस साखरेवरून रागावत नाही, असा निकाल यांनी दिला. पिठलं-भात परत कसा न्यायचा म्हणून आम्ही तो जेवलो. चांगला झाला होता.

दादा, लहानपणी श्री काढल्याशिवाय तू मला पाटीवर रेघ ओढू द्यायचा नाहीस. तुझ्या हातून श्री राहील, यापेक्षा अण्णा गेले हेच आम्हाला खरं वाटलं. तुला झालंय तरी काय?

आणि सगळं जुळलं, पण वहिनीचा तुकडा काही सापडला नाही. ती कशी आहे? वळकटी मी अजून सोडलेली नाही.

राग धरू नये, माया पातळ करू नये.

तुझी,
कुंदा

॥ श्री ॥ श्री ॥ श्री ॥

उमरखेड,
ता. १६ जानेवारी १९६२

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागचा एक, आजचा एक, आणि पुढे विसरलो तर असावा म्हणून एक, असे तीन श्री घातले आहेत. सासूबाईंना दाखवून पावती घ्यावी.

अण्णांना सगळे वाचून दाखवले. स्वतःच्या मरणाची हकीकत इतक्या आवडीने ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. जावयांना गार पाण्याने आंघोळ घातली की ऊन, हे त्यांनी मुद्दाम विचारले. गार म्हटल्यावर समाधान पावले. खोटी वार्ता उठली की आयुष्य वाढते, असे रजनी म्हणाली, आणि लगेच तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या मनात काय आले ते मला कळले, कारण माझ्याही मनात तेच आले होते. अण्णांना ते दिसले नसावे, असे आम्ही धरून चाललो आहोत.

तिचा तुकडा सापडला नाही, यात तुझे नुकसान नाही. त्यात रजनीची चूल आणि वकिलांचा कप, एवढेच होते. मी तिच्याविषयी एवढेच लिहिले होते.

ते पत्र लिहिल्याचे मला नीट आठवत नाही, कुंदा. श्रीचे सोड. परवा रविवारी दुपारी मी अण्णांना थेंब दिले. थोड्या वेळाने पाहिले तर रजनी बाटली फडताळात ठेवत होती. तिने दिले की नुसती बाटली उचलली, ते तिला सांगता येईना. मी खरेच दिले, की देतो देतो म्हणता डोळा लागला, ते मला सांगता येईना. मग दोघेही त्यांच्या छातीकडे बघत बसलो. मध्येच समाचाराला मंडळी आली. त्यांनाही चहा दिला. दिवेलागणीला अण्णा जागे झाले आणि आम्ही असे काय बघतो म्हणून खेकसले. रजनी परसात जाऊन बराच वेळ आली नाही.

वळकटी सोडू नकोस. तीच घेऊन ये, आणि उपदेश घाटंजीलाच ठेव. लोभ आता समक्षच दाखव.

अण्णा दुखण्याने जातील, हे मी केव्हाच पत्करले आहे. ते आमच्या हातून जातील, आणि ते रजनीला जन्मभर वागवावे लागेल, याची मला भीती वाटते.

तुझा,
दादा