दोन दिलावर

३ जुलै २०२५
'चौकाला नाव तुझ्या पणज्याचं हाय, मान खाली घालून चालू नको.' सात वर्षांची होते, तेव्हा अब्बा म्हणाले होते. आज अब्बांना जाऊन चाळीस दिवस झाले, चाळीसावा झाला. पाहुणे गेले. रडू आलं नाही.

५ जुलै
सरपंच धैर्यशील आले होते. ९ ऑगस्टला हुतात्म्याच्या घरचा मानाचा नारळ आता मी घ्यायचा. स्मरणिकेत पणजोबांवर लेखही मीच लिहायचा — 'लेखिका घरातच हाय म्हटल्यावर!'

११ जुलै
अब्बांची ट्रंक उघडली. पणजोबांचा लष्करातला कागद — बसरा, १९१६, मांडीत गोळी, शौर्यपदक. त्याखाली पेन्शनचा कागद. पणजोबांचा अंगठा. साल १९५०.
चौकातल्या दगडावर कोरलंय — हुतात्मा दिलावर, १९४२.
दोनदा वाचलं. मग भांडी घासली.

१४ जुलै
नव्वदीतल्या लालासाहेबांना विचारलं. हसले.
'अगं, दर्ग्यातल्या पीरसाहेबाचं नाव दिलावर. नवसाचं पोर झालं की दिलावर! तवा गावात चार व्हते. तुझा पणजा लढाईवरनं आला, म्हातारा हून मेला. बेचाळीसच्या मोर्चात गोळी लागली ती तांबोळ्याच्या दिलावरला. बायको तान्ही पोर घिऊन माहेरी गेली, पाटणला. पुढं स्मारकाची कमिटी दिलावरचं घर हुडकत आली, ती तुमच्या दारात.'
'आणि कुणी बोललं नाही?'
'तुझा बाप व्हय म्हणाला. मग आमी कशाला मधी पडायचं?'

१५ जुलै
धैर्यशीलना सांगितलं.
'ताई, दोन कशाला? एकच ठेवा. बसऱ्यालाबी गेला, बेचाळीसलाबी गेला. लोकांना लय आवडंल.'
'आणि मेल्यावर आठ वर्षांनी पेन्शनला अंगठा दिला?'
'आवं, कागद कोण बघतंय!'
लेखाला बसले. नाव लिहिलं. पुढे काही नाही.

२० जुलै
पाटण. तांबोळ्यांची ती तान्ही पोर — मेहरुनबी. आता त्र्याऐंशीच्या. मी म्हटलं, 'अजमल मुलाणींची शिफा.'
'बाप न्हाई आला? आन् नारळाला तर अजून अवकाश हाय.'
कसला नारळ, मला कळेना. अब्बा गेल्याचं सांगितलं. त्या उठल्या. मग फडताळ उघडलं. आत नारळच नारळ! सुकून काळे पडलेले, एकही न फोडलेला.
'दर साली मान घ्यायचा, दुसऱ्या दिशी हितं आणून ठेवायचा. मी म्हणायची, दगडाम्होरं बोल. तर म्हणायचा, फुडल्या साली बोलतो. त्यो बोलल्याबगार मी त्या गावात पाय ठेवणार न्हाई, आन् नारळबी फोडणार न्हाई.'
एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. स्टँड कधी आला, कळलं नाही.

२१ जुलै
लेख झाला. दोन्ही दिलावरांचा. ९ तारखेला दगडासमोर मीच वाचणार.
मेहरुनबींना पत्र टाकलं — या वर्षीचा नारळ तुम्ही येऊन घ्या. आणि फडताळातला एक, फक्त एक, अब्बांच्या नावानं फोडाल का?
नाही म्हणतील.