सिस्टीम, रजा आणि माझा डोळा

४ तारीख, सकाळ
आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, पण सुनेने फोनला शिकवलंय. मी बोलते, तो लिहितो. वाचणारं कुणी नाही. मीसुद्धा नाही. तेव्हा खोटं कशाला बोलू?
ठराव: लेकाला ऑफिसात फोन करायचा नाही.

४ तारीख, दुपार
एकदाच केला. त्याने उचलला नाही, म्हणजे ठराव मोडला असं नाही.

९ तारीख
लेक पाणी खात्यात साहेब. तिथे नवी सिस्टीम बसवतोय. पगार, पाइप, रजा, सगळं एका कॉम्प्युटरात. ऑफिसात नवी सून आली म्हणायची. आल्या आल्या सगळ्या किल्ल्या मागते. आणि जुन्या फायली म्हणजे सासू. त्या कसल्या हलतात! हेडक्लार्क म्हणतो, "कॉम्प्युटरात भरा साहेब, पण कागदावर सही लागेलच." मग एकच काम दोनदा. इकडे जेवण गार.
मी वाट बघत नाही. दार उघडं असतं ते वाऱ्यासाठी.

१५ तारीख
सव्वीसला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. लेक म्हणाला, "आई, मी येतोच. सिस्टीममध्ये रजा टाकली." झालं काम. सून म्हणाली, "अहो आई, मी आहे ना." म्हटलं, तू कशाला तसदी घेतेस?

२१ तारीख
रजा अडकली. सिस्टीमने अर्ज त्याच्या साहेबाकडे धाडला. सिस्टीमच्या लेखी त्याचा साहेब तोच! आणि आपली रजा आपणच मंजूर करायची नाही, हा नियमही यानेच घातलेला. म्हटलं, कागदावर अर्ज दे. तर म्हणे, "आई, तेवढा एकच कागद मी बंद करून दाखवलाय. मीच दिला तर लोक हसतील."
मी हसले. डोळ्यातून पाणी आलं. मोतीबिंदूच तो.

२६ तारीख, सकाळ
बिनरजेचा निघाला. बूट घालून दारात उभा. माझं पोर ते!
फोन वाजला. सगळ्या खात्याचे पगार सिस्टीममध्ये अडकले. मीच म्हटलं, "जा बाबा." सून आली बरोबर. मला काही वाटलं नाही. दोनदा सांगितलं तिला तसं.

२७ तारीख
पट्टी सुटली. घरी आले. भिंतीवरचे पोपडे दिसतात, सुनेच्या हातावरचे भाजल्याचे डाग दिसतात. लेक टेबलावर डोकं टेकून झोपलेला, पायात बूट तसेच. रजा मंजूर झाली म्हणे. कालची.
त्याचे केस पांढरे दिसतात. सगळे.
डॉक्टर कामाचा नाही. पुन्हा जायला हवं. या वेळी लेकच नेईल.