करंगळीचं घर

११ जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. हे पत्र बाबांसमोर उघडू नकोस. फोन त्यांच्या खुर्चीशेजारीच असतो, म्हणून फोनही केला नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गिटारच्या बाईंनी पहिल्या दिवशी माझा हात पाहून छान म्हटलं. ते बरोबर नाही. त्या छान म्हणाल्या ते गिटारला. बाबांनी तिच्या मानेला नवं पॉलिश केलंय ना, त्यावरून अंगठा फिरवत म्हणाल्या. मी त्याच वेळी वाजवायला लागले होते, म्हणून मला वाटलं मलाच म्हणाल्या. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, पण चुकीचं लिहिलं, आणि तुम्हाला ते खरं वाटत असेल या विचाराने आठवडाभर मला धड जेवण गेलेलं नाही.

हात त्यांनी पाहिला दुसऱ्या दिवशी. त्यांच्या खोलीत एका भिंतीला कपड्यांच्या दुकानात असतो तसा उभा आरसा आहे. त्यासमोर मला स्टुलावर बसवलं आणि येत असेल ते वाजवायला सांगितलं. मी बाबांची संध्याकाळची चाल, ते रोज वाजवतात ती, मन लावून वाजवली. संपल्यावर त्या म्हणाल्या की तीन बोटं राबतात आणि चौथं पाहुण्यासारखं बसून असतं, त्याला काही अडचण आहे का. मी म्हटलं, आमच्याकडे असंच वाजवतात. तीन बोटांत काम होत असेल तर चौथ्याला कशाला त्रास द्यायचा, असं बाबा सांगतात. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. बाबांची करंगळी कशी आहे, असं विचारलं. मी सांगितलं की वर्षानुवर्षं वाजवून ती आत वळली आहे. त्यावर त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं. ताई, पाणी मी मागितलं नव्हतं.

तुला आठवतं, लहानपणी मी अभ्यास करताना, झोपताना करंगळी तळहातात मिटून ठेवायचे आणि तू मला कोंबडीचा पाय म्हणून चिडवायचीस? मी ते बाबांसारखी व्हावी म्हणून करत होते. मला वाटायचं, ज्याचं बोट आत वळलं तो खरा वाजवणारा.

आता बाईंनी सगळं पहिल्यापासून धरलंय. गिटारच्या मानेवरच्या दोन पट्ट्यांमधल्या जागेला त्या घर म्हणतात. एका बोटाला एक घर, चार बोटांना चार घरं, ओळीने, अगदी सावकाश, शेजारी ताल देणाऱ्या यंत्राची, मेट्रोनोमची टकटक. माझी तीन बोटं आपापल्या घरी जातात. अनामिका टेकली रे टेकली की करंगळी गोगलगायीसारखी आत. मी तिला बाहेर काढते, ती आत जाते. सगळा तास यात जातो.

बाबांच्या बोटाला काही झालं होतं का? तुला माहीत असेल तर लिही. नसेल तर मी विचारलं हे विसरून जा.

भावोजींना नमस्कार, छोटीला पापा. लोभ आहेच, थोडा माझ्या करंगळीवरही कर.

तुझी
धाकटी


२० जानेवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक चापट. उशिरा सांगितलंस. तुझं ते छानवालं पत्र मी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी कारखान्यात सांगितलं. फोरमनला सांगितलं, रंगाऱ्याला सांगितलं, फाटकावरच्या रखवालदारालाही सोडलं नाही. आता ते परत कुठून आणू? खरं काय ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुला माहीत नाही हे वाचून मी कपाळाला हात लावला. मला वाटत होतं, घरात सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच कुणी बोलत नाही.

तू पाळण्यात होतीस, मी चौथीत. कारखान्यात रंध्याच्या मशीनमध्ये त्यांची करंगळी गेली. डॉक्टरांनी शिवली, पण आतली शीर जुळली नाही. त्याआधी बाबा चारही बोटांनी वाजवायचे. मला त्यांनीच चार बोटांनी शिकवलं. करंगळी किती पळायची त्यांची! मी नुसती बघत बसायचे.

पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी गिटार घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बराच वेळ एकच सूर पुन्हा पुन्हा अर्धवट येत होता. आईने मला बाहेर खेळायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते इकडे तोंड करून बसले आणि तो तीन बोटांचा विनोद केला. आई हसली, म्हणून मीही हसले. त्यानंतर या घरात तो विनोदच राहिला, बोटाचं कुणी नाव काढलं नाही.

मी गिटार का सोडली असं तू विचारायचीस आणि मी कंटाळा आला म्हणायचे. त्यांच्यासमोर बसून मला माझी करंगळी उचलवेना, एवढंच. तू मिटून घेतलीस, मी उठून गेले.

तू त्यांना काही लिहू नकोस. आता त्याचा काय उपयोग? तुझ्या हाताचं तू तिकडे गुपचूप सुधारून घे. इथे हल्ली छोटी गिटार शिकायला त्यांच्यासमोर बसायला लागली आहे आणि त्यांना नवा हुरूप आलाय. लॉन्ड्रीत इस्त्रीचे ढीग पडलेत, म्हणून इथेच आवरते.

माया नेहमीचीच आहे, पत्रातून मोजून घेऊ नकोस.

तुझी
ताई


१ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. तुझं पत्र मी दुकानातल्या डोळे तपासणीच्या खोलीत वाचलं. समोर अक्षरांचा तक्ता होता, आणि वरची मोठी अक्षरंसुद्धा मला दिसेनाशी झाली.

गुपचूप सुधारून घे म्हणतेस. सुधारत नाही, ताई. बाईंनी टेबलावर करायचा सराव दिलाय: तळवा सपाट ठेवायचा आणि फक्त करंगळी उचलायची. मी तो दुकानाच्या काउंटरवर करते. परवा एक आजोबा चष्म्याची फ्रेम निवडत होते, त्यांना वाटलं मी घाई करते आहे. ते रागावून म्हणाले की मुली, मला आयुष्यभर घालायचाय, तू टकटक करू नकोस. मालकांनी माफी मागितली. मी काय सांगणार? टकटक अनामिकेची होती. करंगळी उचललीच जात नव्हती, तिच्याऐवजी शेजारीण उठत होती.

याहून वाईट ते पुढेच आहे. काल घरी मी ठरवलं की बास, जुन्या हाताने एकदा संध्याकाळची चाल वाजवू आणि झोपू. ती येईना. करंगळीकडे लक्ष द्यायची इतकी सवय लागलीय की बाकीची तीन बोटंही बावचळतात. जुना हात गेला, नवा आला नाही. मधल्यामध्ये मी लोंबकळते आहे. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, असं होतं. किती दिवस होतं विचारलं तर म्हणाल्या, काहींचं बोट वर येतं, काहींचं इतक्या वर्षांनी येत नाही. आश्वासन देऊन त्या मला फसवणार नाहीत. चांगल्या आहेत बाई. मला त्या क्षणी थोडं फसवून घ्यायचं होतं.

आणि छोटी. ती समोर बसते म्हणजे कुणाचा हात बघते? तिची करंगळी कुठे असते, तेवढं बघून कळव. मी बाबांना लिहायला घेते आणि दोन ओळींवर थांबते. लिहिलं तर त्यांचं काय होईल, न लिहिलं तर छोटीचं काय होईल, आणि दोन्हीकडे माझं काहीच चालत नाही.

माझ्यावर रागाव हवं तर, पण उत्तर लवकर दे.

तुझी
धाकटी


८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. आ. पेन मिळालं नाही, सुतारी पेन्सिलने लिहितो आहे, अक्षर लाकडावर खूण केल्यासारखं आलं तर चालवून घे.

तुझ्या बाईंना हात आवडला हे ऐकून बरं वाटलं. फोरमन म्हणाला, बापाने ऐकून शिकवलं आणि शिकलेली बाई छान म्हणते, म्हणजे तुमच्या पगारात वाढ व्हायला हवी. मी म्हटलं, तूच दे. तीन बोटांची गंमत बाईंना सांगितलीस का? काय म्हणाल्या ते लिही.

छोटीसाठी एक जुनी गिटार कापून लहान केली आहे. पोरगी हुशार आहे. तुझ्यासारखीच करंगळी आपोआप आत घेते, सांगावं लागलं नाही. रक्तातच असावं. मी तिला सगळं सांगतो पण माझं शिक्षण घरगुती. तुझ्या बाईंचे सराव नीट लिहून पाठव, पहिल्यापासून. तेच तिला देईन, म्हणजे दोन्हीकडचं चांगलं तिच्याकडे येईल.

तू आलीस की आपण संध्याकाळची चाल दोघं मिळून वाजवू. हल्ली चालीच्या मधल्या जागेत माझी बोटं पोचायला उशीर करतात. तिथे तू सांभाळून घे.

तब्येतीला जप. उगाच काळजी करत बसतेस, ते तुझ्या आईकडून आलंय.

तुझे
बाबा


२७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू लवकर उत्तर दे म्हणालीस आणि मी दिलं नाही, कारण लिहावं असं काही दिसत नव्हतं. छोटीची करंगळी पाहिली होती. मुलांचं काय, उद्या सोडून देईल, असं म्हणून गप्प बसले.

मंगळवारी मी कामावरून आले तर बाबा जमिनीवर बसले होते आणि छोटीचा हात दोन्ही हातांत धरून चोळत होते. तिने केसांचं रबर घेऊन करंगळी तळहाताला करकचून बांधली होती. बोट निळसर झालं होतं. आता ठीक आहे, घाबरू नकोस, त्याच संध्याकाळी ती तेच बोट नाकात घालत होती.

बाबांनी तिला विचारलं होतं, असं का केलंस. ती म्हणाली की आजोबांचं आणि मावशीचं बोट आत राहतं, माझं मेलं सारखं उभंच राहतं, मला गिटार येणार नाही. मेलं हा शब्द ती माझ्याकडून शिकली. बाकीचं कुणाकडून शिकली ते बाबांना कळलं असावं. त्यांनी मला एवढंच विचारलं की धाकटीचंही तसंच आहे का. मी म्हटलं, तिलाच विचारा. मग त्यांनी विचारलं, तिच्या बाईंनी खरोखर हात छान म्हटला का. मी भांडी घासायला आत गेले.

त्यानंतर त्यांनी दोन्ही गिटारींच्या तारा सैल केल्या आणि गिटारी भिंतीवर टांगल्या. छोटीला सांगितलं, आजोबांचं मनगट दुखतं. ती रोज विचारते, आज दुखतं का? ते रोज हो म्हणतात. कारखान्यातून येतात आणि खुर्चीत बसतात. मी चहा देते, ते घेतात. मी काय करू ते तू सांग. आजवर मी मोठी म्हणून तुला सांगत आले, आता माझे हात टेकलेत.

तू काही लिहू नकोस असं मी म्हटलं होतं. ते मागे घेते.

तुझी
ताई


६ मार्च

ती. बाबांना,

सा. न. ताईला सांगून हे पत्र तुमच्याच हाती द्यायला लावलंय.

जानेवारीत मी लिहिलं की बाईंनी माझा हात पाहून छान म्हटलं. ते बरोबर नाही. त्या छान म्हणाल्या ते तुमच्या पॉलिशला. फोरमनला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा; पॉलिशही तुमचंच आहे, तेव्हा फार बदलावं लागणार नाही.

माझी करंगळी चालत नाही. तुम्ही ताईला विचारलंत, त्याचं हे उत्तर. तुमची मशीनमध्ये गेली हे मला यंदा कळलं. मला वाटायचं ती वाजवून वळलीय, म्हणून मी माझी वळवली, हौसेने, कितीतरी वर्षं. तुमच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तुमच्यामुळे नाही झालं असंही मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये काय लिहायचं ते महिनाभर सुचलं नाही, म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर राहिलं.

बाईंचे सराव तुम्ही मागितले होतेत. पहिलाच सराव चार बोटांचा आहे, म्हणून पाठवला नाही. तीन बोटांचा करून पाठवावा असं मनात आलं होतं आणि तसा कागदावर लिहिलाही होता. मग फाडला.

मी बरी होऊन येते आहे असं समजू नका. बोट वर येईल की नाही हे बाईंनाही सांगता येत नाही. संध्याकाळची चाल मला आत्ता कुठल्याच हाताने येत नाही. मधली जागा सांभाळून घे म्हणालात, तिथे मी पडणार आहे, आणि तुम्ही ते बघणार आहात. याची मला इतकी भीती वाटते की तिकीट काढून मी दोनदा परत करायला गेले. दुसऱ्या वेळी तिकिटाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की नक्की काय ते ठरवा. मागे रांग होती. मी ठरवलं.

ताई सांगते, तुमची करंगळी पळायची. मी ती कधी पाहिली नाही. ती कशी उचलायची, कुठे थांबवायची, अनामिका टेकली की तिने काय करायचं, हे तुमच्या डोक्यात अजून असणार. ते आम्हाला तोंडी सांगा, मला आणि छोटीला. या वेळी आम्ही तुमच्या समोर बसणार नाही, शेजारी बसू. हात आम्ही एकमेकींचे बघू, तुम्ही फक्त बोला. छोटीला लवकर जमेल. मला हसलात तर चालेल. गप्प बसू नका.

तारा तेवढ्या परत लावून ठेवा. मनगट दुखत असेल तर राहू द्या, मी आले की लावीन.

पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने पोचते, तेव्हा कुणी हा विषय काढायचा नाही, मी दमलेली असेन आणि रडेन. लोभ असावा असं इथे लिहीत नाही. तो शेजारी बसून मागणार आहे, सकाळचा चहा झाला की, रविवारी, १५ मार्चला.

तुमची
धाकटी