मागच्या दाराची कडी

दादा,

कामावर निघालेय. जेवण झाकून ठेवलंय. सकाळी बाबांना सांभाळायला एजन्सीची नर्स येऊन गेली. गणवेश कडक, बोलणं गोड, पण बाबांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मग तू सुचवलेल्या मावशी आल्या. आज पहिल्यांदाच येणार म्हणालास ना? मग आपल्या मागच्या दाराची कडी उचलून डावीकडे ढकलावी लागते, हे त्यांना कसं ठाऊक? आणि बाबा म्हणाले, "आज उशीर केलात."

एजन्सीला नको म्हणून कळवलंय. मावशींनाच ठेवू, बाबा त्यांच्याशी हसून बोलतात. फक्त मी घरी आले की एवढं सांग. रोज दुपारी बाबांजवळ तुझ्याऐवजी त्या बसतात, तेव्हा तू कुठे असतोस?

छोटी