बिनबर्फाची लस

माय, आज प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची नवी लस गरम पाण्यात ठेवून पाहिली आणि ती टिकली. तीच मानमोडी, जिच्यामुळे आपल्या दर्यापूरच्या अंगणात कोंबड्या माना वाकड्या करून पडायच्या. या वाणाचा विषाणू उन्हाला दाद देत नाही. खेड्यात माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली तरी ही लस काही दिवस चालेल, बर्फ लागणार नाही. इथे अकोल्यात सगळे खूश, कुणीतरी पेढे आणले. मी पेढा हातात धरून बाथरूममध्ये गेले आणि रडले.

तुझ्या वेळच्या लसीचे फार नखरे. गल्लीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या तूच टोचायचीस. सकाळी थर्मास घेऊन काळीपिवळी जीपने अकोल्याला जायचं, जुन्या शहरातल्या गोळेवाल्याकडून बर्फ भरून घ्यायचा, लस घेऊन उन्हातच परत फिरायचं. दिवस मावळताना बायका आपापल्या कोंबड्या डाल्याखाली झाकून तुझी वाट बघत बसायच्या, कारण एकदा लस कालवली की ती लगेच टोचावी लागे. त्या मे महिन्यातही सगळी डाली भरलेली होती, आणि तुझी गाडी वाटेत बंद पडली.

तिथलं सगळं नंतर ड्रायव्हरकाकांनी सांगितलं. रस्त्याला झाड नाही, काळ्या रानातून झळा येताहेत, आणि थर्मासचं झाकण नीट बसत नाही. तू डोक्याचा दुपट्टा सोडलास, पिण्याच्या पाण्यात भिजवून थर्मासला गुंडाळलास, आणि उरलेलं पाणीही त्याच्यावरच शिंपडत राहिलीस. ते तुला पाणी पी म्हणून विनवत होते. तू म्हणालीस, "मले काई होत नाई. औषध तापलं नाई पायजे."

घरी आलीस तेव्हा चेहरा लालबुंद, अंगाला हात लाववेना इतका ताप, आणि घामाचा टिपूस नाही. बाबा तळपायांना कांद्याचा रस चोळत होते, अमरावतीला दवाखान्यात नेऊ म्हणत होते. तू ओसरीवर बसून लस कालवायलाही लागली होतीस. "कावून घाबरून राहिले तुमी? कालवलेलं औषध वाया घालू काय?" तू नेहमीसारखी दटावतेयस म्हटल्यावर आम्हाला धीर आला. सगळ्या कोंबड्या होईपर्यंत आम्ही एकेक डालं उचलत राहिलो. शेवटच्या डाल्याशी तू माझ्याकडे पाहिलंस आणि मलाच 'माय' म्हणून हाक मारलीस. अमरावती यायच्या आधीच, गाडीत, तू गेलीस.

पुढे शिकायला लागले तेव्हा कळलं की तापलेला विषाणू एकदम संपत नाही. आधी त्याची वाढायची शक्ती जाते. कोंबडीच्या रक्तपेशींना चिकटणं मात्र चालू असतं, अंगावरचं एन्झाइमही काही वेळ आपलं काम करत असतं. नळीकडे पाहणाऱ्याला वाटतं, ठीक आहे. अंड्यात सोडला की कळतं, आत काही उरलेलं नाही. वर्गात सर हे समजावत होते आणि मला तुझं दटावणं ऐकू येत होतं. तेवढं शाबूत होतं गं, आणि आम्ही त्याच्यावरच विसंबलो.

तुझी लस तापली नव्हती. त्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत मानमोडीने एकही कोंबडी गेली नाही. शेजारच्या काकू अजून म्हणतात, तुह्या मायच्या हाताले यश होतं. मी मान डोलावते. उद्या ही नवी लस घेऊन दर्यापूरलाच जायचंय. तिला गरज नाही, तरी मी थर्मास बर्फाने भरून ठेवलाय, वाटेत कुणाला ऊन लागलं तर असावा. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते, बाबांनाही कधी सांगितलं नाही. त्या दिवशी लस तापली असती तर मला चाललं असतं, माय.