पोचलो, काळजी करू नका

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! पालीच्या अलीकडे, बिंदुसरा धरणाच्या अंगाला हे ट्रेनिंग सेंटर आहे. पिवळ्या भिंती, वर पत्रे, आत आठ कॉट आणि चक्क खुर्चीसारखा संडास. तिकडं असाच असतो, आत्तापासून बसायची सवय करा, असं त्रिंबक सर म्हणाले. सर सेंटरचे मालक. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्यानंच पुढं वाकावं.

तीन आठवडे इथं, मग मुंबई, मग विमान, मग सौदीत एका मालकाच्या मेंढ्या. घरच्या साठ मेंढ्या सोडून दुसऱ्याच्या राखायला निघालो म्हणून कडा गावच्या बाजारात सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. केली तर केली. दोन वर्षांत परत येतो आणि घरावर स्लॅब टाकतो, मग बोला म्हणावं.

ही वही रोहिणीची. पोरगी पहिलीत आहे, पहिल्या पानावर तिनं बदक काढलंय, पाय विसरलीय. रोज लिहायचं आणि आल्यावर वाचून दाखवायचं, असा बायकोचा, म्हणजे योगिताचा, हुकूम आहे. आईनं निघताना एवढंच बजावलं की पोचलास की बोल. तिला वाचता येत नाही. फोनवर आवाज आला की तिचं जेवण गोड लागतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज सामानाची झडती. आम्ही दोघंच आहोत, मी आणि नांदूरघाटचा सिदू. आधीची बॅच परवाच गेली म्हणे. सिदूनं सोळा हंगाम ऊस तोडला, आता कोयत्याला रामराम. कोयता धरून धरून त्याचा अंगठा इतका गुळगुळीत झालाय की मशीन ठसा घेईना. शेवटी करंगळीवर भागवलं.

योगितानं दिलेल्या काळ्या मसाल्यात खसखस आहे म्हणताच सर दचकलेच. तिकडं खसखशीला बंदी आहे, विमानतळावरच धरतात. दोन किलो मसाला स्वयंपाकघरात वत्सलाबाईंकडे जमा झाला. त्या इथं स्वयंपाक करतात, कामापुरतं बोलतात. पाठोपाठ सिदूची तंबाखूची पुडी गेली आणि गडी रडकुंडीला आला. मग कागद लावले: पासपोर्टच्या झेरॉक्स, पोलिसांचा दाखला, मेडिकल, पांढऱ्या पडद्यापुढचे बारा फोटो. बॅगांना नायलॉनची दोरी आवळली आणि वर रंगानं नावं घातली. माझं 'अभिमन्यू' तर मोठं झोकदार आलंय. संध्याकाळी अरबी शब्द. मेंढ्यांना ग़नम, पाण्याला मोय. सिदू ताक मागतानाही मोय म्हणतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून आवाज भरायचं काम. सरांनी नीट समजावून सांगितलं. तिकडं वाळवंटात मेंढ्यांमागं आठ-आठ दिवस रेंज नसते. घरचे घाबरतात, रडतात, एजंटच्या दारात येऊन बसतात. म्हणून आपले निरोप इथंच बोलून ठेवायचे आणि तिकडच्या ऑफिसातल्या माणसानं वेळच्या वेळी ते घरी पाठवायचे. मला हे पटलं. आई एक दिवस आवाज ऐकला नाही तर उपाशी झोपते.

त्यासाठी मागे एक खोली आहे. भिंतींना गाद्या लावल्यात, एक खुर्ची, एक माईक. कागदावर मजकूर असतो, बोलायचं मात्र आपल्या घरच्या बोलीत. "आई, पोचलो. काळजी करू नगं." "जेवलो." "लई ऊन हाय हितं, पर खोलीला एसी हाय." माझा आवाज सरांना फार आवडला. मेंढ्यांना घालतो ती हाळीसुद्धा भरून घेतली. मीही फुशारून दोनदा घातली. फोन जमा केलेत, उद्यापासून निरोपच जातील, म्हणजे सगळ्यांना सवय होईल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घसा बसलाय. वत्सलाबाईंनी ज्येष्ठमध दिलं. मीठ टाकून गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, पण दुखत काहीच नाही. फक्त आवाज पूर्वीइतका निघत नाही.

करार दोन वर्षांचा आहे. आज कागद बघितला तर दिवाळीचे निरोप बारा होते, बारा वर्षांचे. सरांना विचारलं. ते म्हणाले, कुणी मुदत वाढवतं, कुणी नाही, असलेले बरे. त्याखाली एक निरोप होता, आईच्या दहाव्याला येता येत नाही, मालक रजा देत नाही.

माझी आई जिवंत आहे. मी उठून उभा राहिलो. सरांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि एका माणसाची हकिकत सांगितली. त्याची आई गेली आणि त्याच्याकडून घरी एक शब्द गेला नाही, भावांनी त्याला वाळीत टाकलं. असं व्हायला नको ना, म्हणाले. मी बोललो. बाहेर येऊन चूळ भरली तरी तोंड कडूच आहे. मी हे का केलं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सिदूचा आवाज पूर्ण गेला. काल खुणेनं मीठ मागत होता. आज सकाळी उठलो तर कॉट रिकामी. सर म्हणाले, त्याचा व्हिसा आधी आला, पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेला. मला न सांगता?

दुपारी सरांनी त्याचा निरोप ऐकवला. "अभिमन्यू, पोचलो बे. झकास हाय समदं." आवाज खणखणीत, सिदूचाच. पण सकाळी गेलेला माणूस दुपारी सौदीत कसा पोचेल? आणि कालपर्यंत त्याच्या तोंडातून हुंकारही फुटत नव्हता.

आज माझ्या कागदावर रोहिणीच्या लग्नाचा निरोप होता. ती सहा वर्षांची आहे. मी नको म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो, नुसती हवा आली. माईकपुढं बसलो की मात्र आवाज येतो. आपोआप येतो, मी ओठ मिटले तरी थांबत नाही.

लग्नाचा निरोप पूर्ण झाला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सामानाच्या खोलीत सिदूची बॅग आहे. दोरी तशीच, रंगातलं नाव तसंच. तिच्यामागं आणखी बॅगा आहेत. पस्तीसपर्यंत मोजल्या, पुढं मोजवेना.

शेजारच्या गोदामाच्या फटीतून पाहिलं. भिंतीला टेकून माणसं बसलीत. खूप आहेत. सगळ्यांचे ओठ हलतात, आवाज कुणाचाच नाही. सिदू तिसरा. मी दारावर थाप मारली. त्यानं बघितलं, ओळखलं, आणि ओठ हलवत राहिला.

सरांपुढं हात जोडले, घरी सोडा म्हणून लिहून दिलं. ते हळू आवाजात म्हणाले, तू तर गेलास अभिमन्यू. गेलेल्या माणसाला कोण शोधतं?

फाटकाला कुलूप. माझ्या खोलीलाही आता बाहेरून कडी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वत्सलाबाई ताट घेऊन आल्या तेव्हा त्यांचे पाय धरले. त्या रडल्या. "जातो त्यो आवाज, भाऊ," म्हणाल्या. "मानूस हितंच ऱ्हातो. माजा नवराबी त्या गोदामात हाय, म्हनून मी हितं हाय." पदराआडून त्यांनी आपला फोन दिला.

योगितानं उचलला. घशातून जेमतेम कुजबुज निघाली, मी बोलतोय, मी इथंच आहे, पालीला, कुणाला तरी घेऊन ये.

"कोन बोलतंय?"

मी, अभिमन्यू.

"आमचे हे सौदीला पोचलेत. आत्ताच बोलले. म्हनालेच व्हते, माज्या नावानं असा फोन येईल, ऐकू नगं." मी पुन्हा पुन्हा तिचं नाव घेतलं. "नवऱ्याचा आवाज मला कळत न्हाई व्हय? काल स्पीकरवर हाळी दिली त्यांनी, तर साठच्या साठ मेंढ्या माघारी फिरल्या. गरिबाला कावून छळता बाबा? माजा भाऊबी चाललाय आता त्यांच्याकडं, त्यांनीच बोलवलंय."

फोन कट.

असा फोन येईल, हे मी कधी बोललो नव्हतो. कुठल्याच कागदावर नव्हतं. तो आवाज आता स्वतःच्या मनानं बोलतोय.

आणि सोमेश्वर. योगिताचा धाकटा भाऊ. लग्न होऊन चार महिने झालेत त्याचं. त्याला माझ्या तोंडून—

२० नोव्हेंबर

पुन्हा फोन लावला. योगितानं नंबर ब्लॉक केलाय. वत्सलाबाई पोलिसांचा शंभर नंबर लावायला घाबरतात, सरांना कळलं तर नवऱ्याचं जेवण बंद करतील.

कुजबुजही गेली.

ओठ हलायला लागलेत. हातानं दाबून धरतो. झोपेत सुटतात.

२२ नोव्हेंबर

सोमेश्वर आला.

खिडकीच्या जाळीतून दिसला. नवी बॅग, हातात पेढ्यांचा पुडा. फोन स्पीकरवर. "दाजी, पोचलो बगा सेंटरला!" आणि फोनमधून मी म्हणालो, "भले शाब्बास, सर सांगतील तसं कर."

मी जाळीवर डोकं आपटलं. तो वळला. अगदी समोर आला, दोन हातांवर. डोळ्यांत डोळे घालून बघितलं. मग हसून फोनमध्ये म्हणाला, "दाजी, हितं एक मानूस हाय, हुबेहूब तुमच्यासारका!"

फोनमध्ये मी हसलो. खूप वेळ हसलो. म्हणालो, "आसल कुनी येडा. बिचाऱ्याला पेढा दे."

जाळीतून त्यानं पेढा दिला. हात जोडले. गेला.

लगेच

वत्सलाबाई दारात आहेत, चहा घेऊन त्याच्याकडं चालल्यात. बशीखाली हे पान देणार आहे. सर त्याला मागच्या खोलीत नेताहेत— बाई घाई कर म्हणतात—

सोमेश्वर, जाळीत होता तो मीच. तुझा दाजी. मी कुठंही गेलेलो नाही. तुझ्या बहिणीला सांग— नको, आधी तू वाच. फोनमध्ये बोलतो तो मी नाही. त्या खुर्चीत बसलास तरी तोंड उघडू नकोस. नाव विचारलं तरी सांगू नकोस. मान हलव, लिहून दे, रड, पण एक शब्दही